देव मानता, देऊळ मानत नाही. बरं, मग पुढे?

सीताबर्डीकर:
काल ‘डोळस आस्तिक’ यांनी इथे जी पोस्ट टाकली तिच्याखाली उत्तर लिहीत होतो, ते लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय. पोस्ट ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात: एवढं नियमबद्ध विश्व आपोआप होणार नाही, म्हणून कर्ता आहे. पण त्याने एकदा नियम घालून दिले, आता तो मध्ये पडत नाही. सबब पोथी नको, पुजारी नको, नवस नको, चमत्कार तर नकोच. निसर्ग हाच ग्रंथ, बुद्धी हाच गुरू. युरोपात याला डीइझम म्हणतात आणि शिकलेल्या माणसाला शोभेल असा हा एकच धर्म उरलाय. शेवटी आपल्या नागपूरच्या टेकडीच्या गणपतीसमोर रांग लावणाऱ्यांना ‘मानसिक गुलाम’ असं प्रमाणपत्र.

त्या रांगेत मी दर चतुर्थीला असतो, म्हणून बोलतो.

तुमच्या या देवाकडे काही मागायची सोय नाही, त्याच्यावर रुसायची सोय नाही. आणि मुख्य म्हणजे त्यालाही आपल्याकडून काही नको. उपास नको, वारी नको, दानपेटीत पाच रुपये नको. आमच्या भागातला एक बिल्डर आठवला: ताबा दिला आणि फोन उचलणं बंद. त्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

निसर्ग ग्रंथ म्हणता, पण पान तुम्हीच निवडता. रविवारी सकाळी गोरेवाड्याच्या जंगलात हरियल पक्षी दिसला की देवाची सही! डेंग्यूचा डास त्याच ग्रंथातला ना? त्या पानावर कोणी बोट ठेवत नाही.

आई व्हेंटिलेटरवर होती तेव्हा मी रोज रात्री टेकडीवर जायचो. दार बंद झालेलं असायचं, बाहेरूनच हात जोडायचो. गणपती तिच्या फुफ्फुसाचे नियम बदलेल असं वाटत नव्हतं मला, इंजिनीअर मीही आहे. पण आयसीयूबाहेरच्या त्या स्टीलच्या खुर्चीवर बसवत नव्हतं. तुमचा डीइझम अशा वेळी कुठे जायला सांगतो? गोरेवाडा रात्री बंद असतो.

तर्री पोहा:
पॉपकॉर्न घेऊन बसलो. होऊ दे बे.

डोळस आस्तिक:
आईचा विषय काढला की समोरच्याने गप्प बसायचं, ही युक्ती जुनी झाली. तुमच्या दुःखाबद्दल आदर आहे, युक्तिवादाबद्दल नाही.

हा सोयीचा देव नाही, फार महागात पडलेला देव आहे. हर्बर्ट ऑफ चेरबरी या इंग्रज विचारवंताने 1624 साली पुस्तक लिहिलं तेव्हा युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं होतं. एकाच येशूला मानणारे एकमेकांच्या गळ्यावर सुऱ्या फिरवत होते. अशा वेळी त्याने विचारलं की सगळ्यांना निव्वळ बुद्धीने पटेल असं धर्मात काय उरतं? 1696 मध्ये जॉन टोलंडने लिहिलं की बुद्धीला न झेपणारं गूढ खऱ्या ख्रिस्ती धर्मात नाहीच, तर आयरिश संसदेने त्याचं पुस्तक जाळायला लावलं. टॉमस पेनने अमेरिकेला स्वातंत्र्याची भाषा दिली, पण 1794 पासून बायबलवर टीका लिहायला लागला आणि लोकांनी तोंड फिरवलं. 1809 मध्ये तो गेला तेव्हा अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. याला सोय म्हणता?

आणि ‘तो काही मागत नाही’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगताय. जो मागत नाही त्याच्या नावाने दुसऱ्या कोणाला मागता येत नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

पंचांगवाले काका:
इंग्रजांची नावे वाचून मौज वाटली. आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ‘कार्य आहे म्हणून कर्ता आहे’ हा वाद सांगोपांग मांडून ठेवला आहे. घट आहे तर कुंभार असलाच पाहिजे. सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असेही स्पष्ट म्हटले आहे. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर जगत्कर्ता नाकारून वेद ठेवला. म्हणजे मीमांसकांकडे ग्रंथ आहे, कर्ता नाही; या डीइस्टांकडे कर्ता आहे, ग्रंथ नाही. दोन्ही टोके पाहायची तर लंडनला जायची गरज नाही, आपल्या महाल भागात या.

तर्री पोहा:
काका, आपल्याकडे सगळं हजार वर्षं आधीच असते. फक्त साहेबानं शोधल्यावरच आठवते.

पंचांगवाले काका:
वाचले असते तर आठवले असते. उदयनाचार्यांचे उत्तर द्या आधी.

नाग नदीकाठी:
डोळसभाऊ, तुमचा नियम घालून देणारा देव आमच्या घरी 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे येऊन गेला. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी बैठकीत. मोर भवन बसस्थानकात बसेस बुडाल्या ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं, आमच्याकडे फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि सासऱ्यांना डायनिंग टेबलावर बसवलं होतं. तिसऱ्या पायरीपर्यंत चिखल. तो वास भिंतीतून अजून जात नाही, पावसाळी दिवस असला की परत येतो.

सोसायटीच्या पंपाच्या ठेकेदारानं काय केलं माहीत आहे? करारातलं ‘दैवी आपत्ती’चं कलम दाखवलं. दुरुस्ती आमच्या माथी. म्हणजे बघा, ठेकेदाराचा देव रोज मध्ये पडतो आणि फक्त त्याच्या बाजूनं पडतो.

सीताबर्डीकर:
हेच तर विचारतोय. नियम परिपूर्ण असतील तर टेबलावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं?

डोळस आस्तिक:
हा प्रश्न 1755 पासूनचा आहे. 1 नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये लोक सकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये जमलेले. आधी भूकंप, मग समुद्र आत आला, मग आगी. फ्रेंच लेखक व्होल्तेर स्वतः आमच्यातलाच, डीइस्ट, पण ‘जे आहे ते भल्यासाठीच’ म्हणणाऱ्यांवर त्याने कविता लिहून तोफ डागली. त्याने कर्ता सोडला नाही, फाजील आशावाद सोडला. आणि 1756 मध्ये रूसो या विचारवंताने त्याला पत्र लिहून जे सुनावलं ते नागपूरकरांनी वाचावं: तिथे सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती.

नाग नदीकाठी:
म्हणजे चूक आमची? काहून आम्ही तिथं घर घेतलं, असं?

डोळस आस्तिक:
तसं म्हटलं नाही.

नाग नदीकाठी:
तसंच म्हटलं. आमच्या प्लॉटला रीतसर मंजुरी आहे, कर भरतो, सातव्या-आठव्या दशकातला ले-आउट आहे. नदीचा नाला कोणी केला? सांडव्यासमोर बांधकाम कोणी होऊ दिलं? त्यावरून हायकोर्टात याचिका झाली ती काय आम्ही हौसेनं केली? रूसो गेला उडत.

तर्री पोहा:
रूसोचं अतिक्रमण हटवा.

धंतोलीची शाळामास्तरीण:
नदीचं निघालंच आहे तर विसर्जनाचंही बोला. कृत्रिम टाक्या करूनही मंडळवाले... (माहीत आहे, मूळ विषय वेगळा आहे.) मला फक्त एवढं म्हणायचं आहे की ‘निसर्ग हाच देव’ म्हणणारी माणसं निसर्गासाठी काय करतात ते एकदा सांगा. नाग नदीच्या स्वच्छतेला आम्ही शाळेची पोरं घेऊन गेलो होतो. टेकडीला जाणारे होते, दीक्षाभूमीला जाणारे होते, ताजबागच्या दर्ग्याला जाणारे होते. निसर्गधर्मी कोणी आलेलं आठवत नाही. फोटो काढायला आले असतील तर ठाऊक नाही.

डोळस आस्तिक:
मी कपाळावर लिहून फिरत नाही मॅडम. आमचा टिळा नसतो.

काटोलचा संत्रा:
मी शेतकरी बाई आहे, जास्त शिकली नाही, पण निसर्गाच्या नियमाचं फार चाललं म्हणून लिहून राहिली. संत्र्याचा आंबिया बहार घ्यायचा तर आधी झाडाले ताण द्या लागते. पाणी तोडायचं. भारी जमिनीत ताण लांबते, हलक्यात लवकर बसते. पानं मलूल होऊन पिवळी पडाले लागली की समजायचं, मग ओलित सुरू. हे झाडाच्या पानाकडं पाहून समजते, हे तुमचं निसर्ग वाचणं म्हटलं तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करून राहिलो.

पण ताण बसत आला अन् मधातच अवकाळी पाऊस आला तर? ताण तुटला. नवती म्हणजे नवी पालवी फुटते, फूल येत नाही. आलंच फूल तर गारपीट. वाचली गारपीट तर फळगळ, नाहीतर डिंक्या, कोळशी असे रोग. नियम आहे हो, आम्ही नाही म्हणत नाही. पण नियमासमोर उभं राहिलं की माणसाले कोणीतरी लागते ज्याले म्हणता येते, ‘काहून बे असं केलं?’ आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेंदूर फासलेला एक दगड आहे. यंदा मी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. तुमच्या देवाशी भांडता येते का?

सीताबर्डीकर:
ताई, मी एवढा निबंध लिहिला तो तुम्ही चार ओळीत संपवला.

इंदोरा चौक:
भावनेचा पूर ओसरला असेल तर मुद्द्यावर येतो.

‘कोणाशी भांडायचं, कोणाकडे रडायचं’ यावर धागा चालला आहे. डीइझमचा मूळ दणका ‘मधला माणूस कोण’ या प्रश्नावर होता. महाराष्ट्रात तो प्रश्न लंडनपेक्षा जड होता. जोतीराव फुल्यांनी पेन वाचला आणि निर्मिक, म्हणजे निर्माता, मांडला. एक निर्मिक, सगळी त्याची लेकरं, त्याला फुलं-धूप-दक्षिणा नको. 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज निघाला आणि भटाशिवाय लग्नं लागू लागली. तेव्हा काय झालं? ओतूरच्या ग्रामजोशांनी कोर्टात दावा लावला: लग्न आम्ही लावलं नाही, पण दक्षिणा आमचीच! सीताबर्डीकर, तुम्हाला जो देव ‘काही मागत नाही’ म्हणून पोकळ वाटतो, त्याच्यामुळे कोणाचं तरी उत्पन्न बुडत होतं.

पण डोळस साहेब, टाळ्या वाजवू नका. 1776 च्या अमेरिकन जाहीरनाम्यात ‘निसर्गाचे नियम आणि निसर्गाचा देव’ असं लिहिणारा जेफरसन, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. त्याने बायबलमधले चमत्कार अक्षरशः पात्याने कापून काढले आणि उरलेली पानं चिकटवून आपली प्रत केली. त्याच जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम बाळगले. निसर्गाच्या ग्रंथात त्याला ते पान दिसलं नाही. बुद्धी हाच गुरू ना? बुद्धी मालकाची होती.

म्हणून बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानलं तरी निर्मिकापाशी थांबले नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे, या शहरात, जो धम्म घेतला त्यात जगत्कर्ताच नाही. माणसाने माणसाशी कसं वागायचं हा धम्म. विश्व कोणी केलं यावर माझा आजोबा कधी अडला नाही. पाण्याच्या हौदावर अडवला गेला होता.

मोहल्ला समिती:
सावरकरांनीही विज्ञाननिष्ठ लिखाणात हेच मांडलंय. माणसाने कल्पिलेला देव वेगळा, विश्वाचा देव वेगळा, आणि विश्वाच्या देवाला माणसाच्या सुखदुःखाचं देणंघेणं नाही. फुल्यांनी जे...

ॲडमिन:
फुले आणि सावरकर एकाच प्रतिसादात आणू नका. मागच्या वेळी धागा पाचशेवर गेला होता आणि मला दोघांना ब्लॉक करावं लागलं होतं.

मोहल्ला समिती:
म्हणजे खरं असलं तरी बोलायचं नाही? वा रे मुक्त चर्चा!

डोळस आस्तिक:
इंदोरा चौक, जेफरसनचा बचाव मी करणार नाही. पण गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा पेनही डीइस्टच होता. एका मताच्या दोन माणसांपैकी वाईट माणूस तेवढा पुरावा म्हणून धरायचा हा न्याय कुठला?

इंदोरा चौक:
तेच म्हणतोय. मत एकच, माणसं दोन टोकांची. म्हणजे त्या मताने माणूस कसा वागेल हे ठरत नाही. मग ‘शिकलेल्याला शोभेल असा एकच धर्म’ कशाच्या जोरावर? आणि रांगेतल्या लोकांना गुलाम म्हणायचा अधिकार तर अजिबात नाही. हा शब्द आमच्याकडे जपून वापरतात.

डोळस आस्तिक:
बरं. ‘मानसिक गुलाम’ मागे घेतो, तुमच्या सांगण्यावरून, सीताबर्डीकरांच्या नव्हे. बाकी पोस्ट तशीच. रांगेत उभं राहा, बाहेरून हात जोडा, दगडाशी अबोला धरा. पण रांगेच्या तोंडाशी व्हीआयपी पास विकणारा बसला की मला सांगू नका, नियम घालून देणाऱ्याला सांगा.

सीताबर्डीकर:
व्हीआयपी पासवर माझं आणि तुमचं एकमत आहे. असं लिहायची वेळ यावी!

आणि इंदोरा चौक, ओतूरचा किस्सा माहीत नव्हता. मधला माणूस जायला हवा, हे तुमचं म्हणणं निम्मं घेतो. निम्मंच. टेकडीवर दाराबाहेर उभा होतो तेव्हा मध्ये कोणीच नव्हतं आणि कोणी दक्षिणाही घेतली नाही.

काटोलचा संत्रा:
डोळसभाऊ, राग नका धरू. एकदा बागेत या. निसर्ग वाचायचा तर डिंक्या लागलेलं झाड दाखवतो, बुडाशी बोट लावून पाहा, चिकट लागते. मग सांगा कोणत्या पानावर आहे ते.

डोळस आस्तिक:
येतो. डिंक्याही नियमानेच होतो, बुरशीच्या. पण येतो.

नाग नदीकाठी:
सगळं झालं असेल तर नाल्याच्या भिंतीच्या निवेदनावर सह्या हव्या आहेत. आस्तिक, नास्तिक, डीइस्ट, सगळे चालतील. रूसोच्या चाहत्यांनी पहिली सही करावी.

धंतोलीची शाळामास्तरीण:
माझी घ्या. आणि विसर्जनाचा मुद्दा त्यात घाला.

नाग नदीकाठी:
मॅडम, तो घातला तर अर्धे लोक सही करणार नाहीत.

पंचांगवाले काका:
उदयनाचार्यांना अजून कोणी उत्तर दिलेले नाही, याची नोंद घ्यावी.