विजयेचे तेल आणि आघातानंतरची चिंता

निपाणीच्या एका माजी सैनिक काकांना रात्री दचकून जाग येते, म्हणून विजयेचे, म्हणजे भांग-गांजाच्या झाडाचे, तेल ऑनलाइन मागवावे, अमेरिकेत सैनिकांना गांजा देतातच, असा सल्ला त्यांच्यासाठी कुणी सुचवला आहे. परंतु तेथील माजी सैनिक व संरक्षण विभागांच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत आघातोत्तर तणावासाठी (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) गांजा वापरू नये, असेच म्हटले आहे. गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक अल्प मात्रेत मन शांत करू शकतो, पण मात्रा वाढली की धडधड आणि संशय वाढवतो. शिवाय रोजच्या सवयीनंतर गांजा अचानक थांबवल्यास झोप उडते, भयस्वप्ने परततात आणि औषध लागूच पडत होते असा समज होतो, ही मला सर्वांत फसवी बाब वाटते.

कायद्याचेही पाहावे: अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा, नुसती पाने (भांग) नव्हेत. मात्र निपाणीजवळचा, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की भांगेवर महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू होतो, हेही ध्यानात असावे.

आघातकेंद्रित मानसोपचार आणि गरजेनुसार सर्ट्रालिनसारखे नैराश्य व चिंतेवरचे औषध, हा पहिला मार्ग होय. त्यासाठी धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावरही विचारता येईल. काका झोपेच्या गोळ्या घेत असतील, तर तेलाने गुंगी वाढेल, हे डॉक्टरांशी आधी बोलावे.