'प्रॉफिटची शक्यता ७२ टक्के' : सॉफ्टवेअरच्या या आकड्यावर किती विसंबायचं?

कोरडा_हिशोब
गेली दोन वर्षं मी ऑप्शनची (ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) प्रत्येक स्ट्रॅटेजी आधी सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघतो आणि आता माझं ठाम मत झालंय. पेऑफचा, म्हणजे कोणत्या भावाला किती नफा-तोटा याचा, ग्राफ सोन्यासारखा आहे, पण त्याच्या शेजारी जी प्रॉफिटची शक्यता येते ना ती बघून ट्रेड घेणं बंद करा. आयर्न कॉन्डॉर धरा, म्हणजे भावाच्या वर एक कॉल (घेण्याचा हक्क) आणि खाली एक पुट (विकण्याचा हक्क) विकायचा, त्यांच्या पलीकडचा एकेक घ्यायचा, दोन्ही बाजूंना त्या स्ट्राइकमध्ये (हक्काच्या ठरलेल्या भावांत) ५ पॉइंटची रुंदी, हातात प्रीमियम (ऑप्शनची किंमत) दीड पॉइंट, म्हणजे जास्तीत जास्त तोटा साडेतीन. सॉफ्टवेअर म्हणतं ७२ टक्के. आता ७२ वेळा दीड कमावले म्हणजे १०८ आणि २८ वेळा साडेतीन घालवले म्हणजे ९८, शंभर ट्रेडमागे उरले फक्त १० पॉइंट! त्यात चार लेग (चार ऑप्शन), प्रत्येक लेगला बिड-आस्कमध्ये (घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातल्या फरकात) ०.०५ जरी गेले तरी शंभर ट्रेडचे २० जातात, म्हणजे ७२ टक्के वेळा जिंकूनसुद्धा शेवटी मायनसमध्येच.

थीटा_गोळा
हिशोब अर्धवट आहे तुमचा. २८ टक्क्यांत दर वेळी पूर्ण साडेतीन जात नाहीत, भाव विकलेल्या आणि घेतलेल्या स्ट्राइकच्या मध्येच थांबला तर तोटा कमी असतो. असले मधले निकाल डोक्यात करता येत नाहीत, म्हणून तर सॉफ्टवेअर लागतं. आणि ते नव्हतं तेव्हा लोक काय करायचे, तर प्रीमियम मोठा दिसला की विकायचे, चार पोझिशन मिळून एकूण डेल्टा (भाव एक पॉइंट हलला की किंमत किती बदलते) किती झालाय, भाव २ टक्के हलला तर गामामुळे (डेल्टा बदलण्याच्या वेगामुळे) तो किती बदलेल याचा पत्ताच नाही. मी स्वतः असाच मार खाल्लाय म्हणून सांगतोय.

कोरडा_हिशोब
मधल्या निकालांचं मान्य, पण ते दोन्हीकडून लागू आहे हो, ७२ मध्येसुद्धा दर वेळी पूर्ण दीड मिळत नाहीत. माझा खरा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. ही शक्यता येते कुठून? सॉफ्टवेअर बाजारातला प्रीमियम घेतं, त्यातून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (आयव्ही, म्हणजे त्या किंमतीत धरलेली पुढची हालचाल) काढतं आणि तीच परत वापरून शक्यता काढतं. म्हणजे बाजाराने लावलेली किंमतच आपल्याला टक्क्यांत परत मिळते. त्या हिशोबाने प्रत्येक ट्रेडची सरासरी शून्याच्या आसपासच येणार, वर खर्च वजा. प्रीमियम महाग आहे की स्वस्त हे त्याच प्रीमियममधून कसं कळणार सांगा ना. त्यासाठी भाव पुढे किती हलेल याचं स्वतःचं काहीतरी मत लागतं आणि ते सॉफ्टवेअर देत नाही.

जुना_खेळाडू
याच्याशी सहमत, आणि मॉडेलचा पाया पण बघा. ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं सूत्र आलं १९७३ मध्ये, त्यात व्होलॅटिलिटी स्थिर धरलीय आणि रोजची हालचाल घंटेच्या आकाराच्या वक्रात बसवलीय. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स इंडेक्स एका दिवसात २२.६ टक्के पडला, त्या वक्राप्रमाणे असा दिवस येणं जवळजवळ अशक्यच. त्यानंतरच इंडेक्सचे खालचे पुट महाग राहायला लागले. ५ फेब्रुवारी २०१८ ला व्हिक्स (अमेरिकी बाजाराच्या अपेक्षित हालचालीचा निर्देशांक) एका दिवसात १७ च्या आसपासवरून ३७ च्या वर गेला आणि व्होलॅटिलिटी विकणारे कितीतरी जण त्यात साफ झाले.

थीटा_गोळा
अहो पण चांगलं सॉफ्टवेअर आता प्रत्येक स्ट्राइकची वेगळी आयव्ही घेतं, सगळीकडे एकच आकडा लावत नाही, तेव्हा तो स्क्यू (खालचे पुट महाग असणं) धरलेलाच असतो. आणि १९८७ चं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. भाव २० टक्के पाडून बघा, आयव्ही दुप्पट करून बघा, खातं टिकतं का ते ट्रेड घेण्याआधी दिसतं. कागदावर कोण करणार एवढं?

नवीन_भिडू
मी नवीन आहे, पण एक सांगावंसं वाटतं. कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी कॉल घेतला, भाव वर गेला, तरी तोटा झाला, मला वाटलं सॉफ्टवेअरमध्येच बिघाड आहे. नंतर कळलं की मी जी ठळक रेघ बघत होतो ती एक्सपायरीची (ऑप्शनची मुदत संपते त्या दिवसाची) होती, आजची रेघ वेगळी आणि ती आयव्ही पडली की खाली सरकते, निकालानंतर आयव्ही धपकन पडली होती. आयव्हीची पट्टी सरकवून बघायची सोय तिथेच होती, मला कोणी सांगितलंच नव्हतं.

थीटा_गोळा
बरोबर ओळखलंस, आणि हे कळायला लोकांना वर्षं जातात.

बॅकटेस्ट_बंद
शक्यतेचं ठीक आहे, माझं सगळ्यात जास्त नुकसान बॅकटेस्टने (जुन्या डेटावर स्ट्रॅटेजी चालवून बघण्याने) केलंय. स्टॉपलॉस बदल, एन्ट्रीची वेळ बदल, डेल्टा १५ ऐवजी १८ घे, असं करत करत मी शेदीडशे कॉम्बिनेशन चालवली आणि त्यातलं सगळ्यात गोड दिसणारं उचललं, तीन महिन्यांत अर्धं भांडवल गेलं. नंतर बघितलं तर त्या टेस्टमध्ये लांबच्या स्ट्राइकला शेवटचा व्यवहार झालेला भाव धरलेला होता, प्रत्यक्षात त्या भावाला कोणी समोर उभंच नव्हतं. आता मी एकही टेस्ट चालवत नाही.

थीटा_गोळा
वाईट वाटलं वाचून. पण टेस्टच बंद करणं मला पटत नाही. डेटाचा शेवटचा एक तुकडा बाजूला ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही, नियम ठरले की एकदाच त्यावर चालवायचं. विकताना बिड धरायचा, घेताना आस्क.

बॅकटेस्ट_बंद
एकदाच कोण चालवतं हो? निकाल वाईट आला की माणूस नियम बदलतो आणि परत त्याच तुकड्यावर चालवतो, मी तेच केलं होतं.

कोरडा_हिशोब
म्हणूनच मी आता कागदावर आधी लिहितो की एक्सपायरीपर्यंत भाव किती टक्के हलेल असं मला वाटतं आणि का, मग सॉफ्टवेअर उघडतो. तिथे पहिल्यांदा कमाल तोटा आणि मार्जिन (ब्रोकरकडे अडकणारी रक्कम) बघतो, नंतर आयव्ही वाढवून आजची रेघ. शक्यतेचा रकाना सेटिंगमधून लपवता येतो, मी लपवलाय. थीटा_गोळा, तुम्ही महिनाभर तसं करून बघा, तुमचे ट्रेड बदलतात का ते मला खरंच जाणून घ्यायचंय.

थीटा_गोळा
करतो. पण तुम्ही पण आयव्ही दुप्पट करून चालू पोझिशन तपासा आणि किती खाली गेलात ते इथे लिहा.