मदत हवी आहे: १९७० च्या शेव्हरले शेव्हेलच्या ३५० घनइंची इंजिनात कोणता कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) बसवावा?

गाडी शेव्हेल मालिबू. ३५० स्मॉल ब्लॉक (शेव्हरलेचं लहान बांध्याचं व्ही-८), कॉम्प्रेशन ९:१, हेड मूळचेच, ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) कार्ब्युरेटर, हेडर्स (एक्झॉस्टच्या सुट्या नळ्या). टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलचा क्लच) मूळचा, मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो ३.०८, पॉवर ब्रेक. सिग्नलला उभी असताना धडधड ऐकू यावी म्हणून २३०/२३६ अंश ड्युरेशनचा (इनटेक/एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, ०.०५० इंचावर मोजलेला), ११० अंश लोब सेपरेशनचा (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या लिफ्टरचा) कॅम बघून ठेवलाय. चालेल?

प्रतिसाद १
या जोडणीत नको. एवढ्या ड्युरेशनला इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. कमी आरपीएमला भरलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं आणि ९:१ वर सिलिंडरमध्ये दाबच उरत नाही. ३.०८ ला ताशी ६० मैलांवर इंजिन जेमतेम २४०० आरपीएम फिरतं, म्हणजे गावात हा कॅम कायम झोपलेलाच. शिवाय पॉवर ब्रेकला लागणारा इंजिनचा व्हॅक्यूम पडून ब्रेक पेडल दगडासारखं होईल.

२१२/२१८, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो) ०.४५० इंचाच्या आसपास, ११० सेपरेशन घ्या. हलकी धडधड मिळेल, ब्रेकही शाबूत. २१८/२२४ हवाच असेल तर आधी २२०० आरपीएमच्या आसपास स्टॉलचा (म्हणजे तेवढ्या आरपीएमपर्यंत इंजिन फिरू देणारा) कन्व्हर्टर आणि ३.५५ किंवा ३.७३ गिअर.

प्रश्नकर्ता
२१२/२१८ ठरलं. जुने लिफ्टर (कॅमच्या लोबवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) चांगले दिसतात, तेच वापरू?

प्रतिसाद २
अजिबात नाही. जुना लिफ्टर जुन्या लोबशी घासून बसलेला असतो. नव्या लोबवर तो फिरत नाही आणि लोब सपाट होतो. लिफ्टर नवेच. व्हॉल्व्ह स्प्रिंगही नव्या, कॅमवाल्याने सांगितलेल्याच. पूर्ण लिफ्टला रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) आणि व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमध्ये किमान ०.०५० इंच अंतर आहे ना, ते मोजा. टायमिंगचं कॅम गिअर मूळचं, नायलॉन दातांचं असेल तर काढून टाका, डबल रोलर चेन टाका.

लोब आणि लिफ्टरच्या तळाला मॉली पेस्ट, जास्त झिंकचं ब्रेक-इन ऑइल. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवून सगळ्या रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या दांड्यांपर्यंत) ऑइल येऊ द्या. कार्ब्युरेटर पेट्रोलने भरलेला आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधीच लावलेलं असावं, नाहीतर नुसता स्टार्टर मारत बसाल आणि पेस्ट पुसली जाईल. चालू होताच २०००–२५०० आरपीएम, खालीवर करत २० मिनिटं. लोबला ऑइल क्रँकच्या उडत्या थेंबांचंच मिळतं, म्हणून आयडलवर सोडायचं नाही. पाणी गळलं तर बंद करा, दुरुस्त करा, उरलेली मिनिटं पुन्हा. मग ऑइल-फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून बघा: धातूची चमक दिसली तर इंजिन तिथेच थांबवा.

प्रतिसाद १
शेवटी सुरुवातीचं (आयडलवरचं) इग्निशन टायमिंग १२ अंशांच्या आसपास ठेवा, जास्त आरपीएमला एकूण ३४–३६. मूळच्या ४ अंशांवर हा कॅम मरगळलेलाच वाटेल आणि दोष उगाच कॅमला जाईल.