मदत हवी आहे: माजी सैनिक मंडळाचं खातं बँकेने अडकवलंय

पाजपंढरीकर
गावी पाच दिवसांच्या रजेवर आलोय, त्यातले दोन बँकेतच गेले. मॅनेजर आधी म्हणाले ठराव आणा. ठराव नेला तर म्हणतात उतारा आणा. कसला उतारा, विचारलं तर "तुमचं तुम्ही बघा". खात्यात दोन लाखांच्या आसपास आहेत. जूनमध्ये मंडळ वीरपत्नींच्या नातवंडांना वह्या-पुस्तकं देतं, तेवढ्यासाठी तरी पैसे निघायला हवेत. मंगळवारी रात्री खेडहून गाडी आहे. कोणी तरी लवकर सांगा.

खाडीकाठ
तालुका कोणता? संस्था नोंदलेली आहे का? सही कोणाची चालते?

पाजपंढरीकर
दापोली. नोंदलेली आहेच, हॉलच्या पाटीवर नंबर आहे. सही बाबांची, ते सचिव.

खाडीकाठ
मग बाबांनाच पाठवा की बँकेत. तुम्ही का हेलपाटे घालताय?

पाजपंढरीकर
बाबा ऑक्टोबरमध्ये गेले.

खाडीकाठ
अरेरे. माफ करा. पण भाऊ, हे पहिल्याच ओळीत लिहायचं.

निवृत्त_नाईक
सगळ्यात आधी आईंचं कौटुंबिक पेन्शन बघा. लष्करी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर नोंद झाली का? वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पेन्शन थांबतं. आमच्या वाडीत दोघींचं असंच थांबलं होतं.

पाजपंढरीकर
आईचं सुरू आहे काका. प्रश्न मंडळाच्या खात्याचा आहे.

काळाकोट
पाटीवरचा नंबर जसाच्या तसा टाका. 'महा' ने सुरू होतो की 'एफ' ने?

पाजपंढरीकर
दोन्ही आहेत. एक वर, एक खाली.

काळाकोट
म्हणजे 1860 च्या कायद्याखाली संस्था आणि 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यासही. बँकेला हवाय तो परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे न्यासाच्या नोंदीची नक्कल, रत्नागिरीच्या धर्मादाय कार्यालयातून मिळतो. त्यावर आजचे पदाधिकारी दिसले पाहिजेत. पदाधिकारी बदलले की न्यासाच्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत फेरफार अर्ज टाकायचा असतो. शेवटचा कधी टाकला होता?

मालवणचो_झिल
आमच्याकडे पण असाच झाला. तीन अध्यक्ष झाले आणि उताऱ्यावर नाव पहिल्याचाच.

केळशी_ते_बोरिवली
कशाला एवढी उठाठेव? नवीन ट्रस्ट काढा, नवं खातं उघडा. आठवडाभरात काम होतं.

काळाकोट
आठवडाभरात? आणि जुने दोन लाख? हॉल? हॉल जुन्या न्यासाच्या नावावर असेल तर विकायलासुद्धा कलम 36 ची परवानगी लागते. खातं दोन वर्षं व्यवहाराविना पडलं तर निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. तेव्हाही परत मागता येतात, पण मागायला पदाधिकारी लागतीलच ना? असले सल्ले देऊ नका.

केळशी_ते_बोरिवली
तुम्हा वकिलांना फी हवी असते, दुसरं काय.

काळाकोट
इथे फी कोणी मागितली?

वाडीवरचा_विलास
माजी सैनिकांची घरपट्टी 2020 पासून ग्रामपंचायतीत माफ आहे, बाळासाहेब ठाकरे सन्मान योजना. सैनिकांच्या विधवांनाही आहे. अर्ज केला नसेल तर करून टाका.

काप_दापोली
दापोलीला अजून 'काप' म्हणतात ते मूळ लष्कराचा 'कॅम्प'. निवृत्त फौजी इथे पूर्वीपासून. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळसुद्धा निवृत्तीनंतर इथेच राहिले. असल्या गावात माजी सैनिकांच्या मंडळाला सही करायला माणूस नाही, याचंच वाईट वाटतं.

पाजपंढरीकर
बाबांची काळी ट्रंक उघडली. पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि हुद्दा आहे, 'हवालदार'चा 'र' खरवडला गेलाय. आत पावती पुस्तकं, शिक्का, मोठी नोंदवही. निसर्ग वादळानंतरची, 2020 ची चार पानं फक्त छपराच्या पत्र्यांच्या हिशेबाची. कोणाला चार, कोणाला सहा, आणि एका ओळीपुढे "हिने नको म्हटले, तरी दिले". शेवटचा फेरफार 2006 चा. सात नावं, त्यातले दोघेच हयात. एक इथेच अंथरुणाला खिळून, दुसरे विरारला मुलीकडे.

खाडीकाठ
मग बँकेला दिलेला ठराव कोणी केला?

पाजपंढरीकर
मीच लिहिला. गावातल्या तिघांच्या सह्या घेतल्या.

काळाकोट
देवा. तो ठराव बँकेतून परत घ्या. ते तिघे सभासद आहेत का? नोंदवहीत बघा, वर्गणी कोणाकोणाची शेवटची भरलेली आहे. त्या सभासदांना मंडळाच्या घटनेप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, नोटीस द्या, विरारच्या काकांच्या सहीने सभा बोलवा, इतिवृत्त लिहा, मग विलंबमाफीच्या अर्जासकट फेरफार. ते दोघेही नसते तर कलम 47 खाली नवे विश्वस्त नेमून मागावे लागले असते. मंगळवारपर्यंत यातलं काहीच होणार नाही. जूनच्या वह्यांसाठी यंदा वर्गणी काढा.

चाकरमानी_९४
सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे देऊन मोकळे व्हा ना. 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी असतोच.

निवृत्त_नाईक
तो निधी सरकारी, योजनेत बसेल त्यालाच मिळतो. वादळाच्या तिसऱ्या दिवशी पत्रे घेऊन कोण आलं होतं? मंडळच. आता अग्निवीर येतील, चार वर्षांसाठी भरती झालेले. पहिल्यांची मुदत 2026 च्या अखेरीस भरायला लागतात. शंभरातले पंचवीस राहतील, बाकीचे घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, ईसीएचएसचा, दवाखाना नाही. हे पोरगे जाणार कुठे?

चाकरमानी_९४
त्यांना शेवटी एकरकमी सेवानिधी मिळतोच की.

निवृत्त_नाईक
पैसे मिळतात. कागद घेऊन कोणाकडे जायचं, ते मिळत नाही.

काळाकोट
घटना उघडून बघा, सभासद कोण होऊ शकतो. "निवृत्तिवेतनधारक" असं लिहिलं असेल तर अग्निवीर सभासद होऊच शकत नाहीत, आणि दहा वर्षांनी मंडळात तुमच्या आईंच्या वयाचीच माणसं उरतील. घटनादुरुस्ती त्याच सभेत घ्या, नोटिशीत विषय आधी लिहा.

पाजपंढरीकर
बघितलं. "पेन्शनधारक माजी सैनिक" असंच आहे. विरारच्या काकांना आत्ता फोन केला, हो म्हणाले. रविवारी त्यांच्याकडे नोटिशी घेऊन जातो. एकच शंका, शिक्का सुकून कडक झालाय. नवा करून घेतला तर चालेल ना?

मालवणचो_झिल
पॅडवर दोन थेंब शाई टाक रे, नवो कित्याक?