आय-१४० (अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालाय. नोकरी बदलावी की रांगेत तसंच बसून राहावं?

कऱ्हाडकर (धागाकर्ता):
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. ज्याची प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) रांगेत फार मागे आहे आणि ज्याचा आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटलेत, त्याने केवळ ग्रीन कार्डासाठी एका कंपनीला बांधून घेऊ नये.

माझं असं आहे. २०१५ मध्ये एमएस करायला आलो, २०१७ पासून एच-वन बी वर्क व्हिसावर, डॅलसजवळ राहतो. पर्म (आय-१४० च्या आधी कंपनीने कामगार खात्याकडून घ्यायची मंजुरी) ऑगस्ट २०१९ मध्ये फाइल झालं, तीच माझी प्रायॉरिटी डेट. वर्ग ईबी-२, म्हणजे उच्च शिक्षणवाल्यांचा. आय-१४० पुढच्या वर्षी मंजूर झाला. एच-वनची सहा वर्षं २०२३ मध्ये संपली आणि त्या आय-१४० च्या जोरावर तीन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळालं. आता सरकारचं महिन्याचं व्हिसा बुलेटिन बघा, कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर लागला ते त्यात असतं: नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताची ईबी-२ ची तारीख एप्रिल २०१३ वर होती. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि एका देशाला त्यातली सात टक्के. माझ्या मागे-पुढे किती लोक आहेत हे डोळ्यांसमोर आणलं की मला याला रांग म्हणवत नाही.

सहा वर्षं माझं पद तेच आहे. टीम लीडची जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा मॅनेजर म्हणाला, "वकील म्हणतात, कामाचं स्वरूप फार बदललं तर पर्म पुन्हा करावं लागेल. आत्ता राहू दे." दुसऱ्या वेळी ती जागा ज्याला मिळाली, त्याला काम मी शिकवलं होतं. त्याच्या पहिल्या आठवड्यासाठी मी लिहिलेली चौदा पानी फाइल अजून टीमच्या फोल्डरमध्ये आहे.

आता ह्यूस्टनच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. पद वरचं, पगारही बरा. नवीन पर्म सहा महिन्यांनी सुरू करू म्हणतात. बायको म्हणते घे. सासरे रोज फोनवर सांगतात, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका." तुमचं काय म्हणणं आहे? मला विरोधातलं ऐकायचंय.

जुना_वारकरी:
विरोधातलं ऐकायचंय ना, मग माझं ऐका.

माझी तारीख सप्टेंबर २०१४. आय-१४० मंजूर, सगळं शांत. फेब्रुवारी २०२० मध्ये मी अगदी तुमच्यासारखाच विचार केला आणि नोकरी बदलली. नवी कंपनी म्हणाली, तीन महिन्यांत पर्म सुरू करतो. मार्चमध्ये कोविड आला. कंपनीने लोक कमी केले, आणि त्याच कामातली माणसं काढल्यावर पुढचे सहा महिने पर्म करणं किती किचकट होतं ते वकिलांना विचारा. आमचं बासनात गेलं.

मग ऑक्टोबर २०२० चं बुलेटिन आलं. ईबी-३ ची (ईबी-२ च्या खालचा वर्ग) फायलिंगची तारीख एकदम १ जानेवारी २०१५. माझ्या जुन्या टीममधल्या तिघांनी ईबी-३ मध्ये डाउनग्रेड करून ४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) भरला. माझी तारीख बसत होती, पण माझ्या नावाने उभी राहणारी कंपनी नव्हती. जुन्या मॅनेजरला फोन केला. ग्रीन कार्ड पुढच्या नोकरीसाठी असतं, त्यामुळे त्यांनी "परत घेऊ" असं लिहून दिलं असतं तर चाललं असतं. तो म्हणाला, मला द्यायचंय, पण लीगलवाले नाही म्हणतात. त्या तिघांना ईएडी (वर्क परमिट) मिळालं, दोघांना कार्डही मिळालं. मी आज २०२५ मध्येही एच-वन वर आहे.

कऱ्हाडकर, तारीख कधी उडी मारेल हे कुणालाच सांगता येत नाही. जुलै २००७ मध्येही अशीच उडी आली होती. दार उघडतं तेव्हा उंबऱ्यावर असावं लागतं.

मैत्रेयी:
वारकरी काका, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण तुमची तारीख २०१४ ची होती, यांची २०१९ ची आहे. त्या उडीतही २०१५ च्या पुढचं कुणी आत गेलं नव्हतं.

मी या कहाणीची दुसरी बाजू आहे. माझा नवरा नऊ वर्षं एकाच कंपनीत राहिला. का, तर माझं एच-४ (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वरचं ईएडी. कुणीतरी सांगितलं होतं, कंपनी सोडली की आय-१४० जातो आणि बायकोचं वर्क परमिटही जातं. तेच धरून आम्ही बसलो. मी इथल्या एका डेंटल लॅबमध्ये काम करते, दातांच्या कॅपवर रंग चढवते, आणि हे काम मला मनापासून आवडतं. माझ्या कामासाठी तो स्वतःच्या कामावर रोज कुढत होता. शेवटी आम्ही स्वतः पैसे देऊन एका वकीलबाईंकडे गेलो, कंपनीच्या नाही. त्यांनी अर्ध्या तासात सांगितलं, जानेवारी २०१७ पासून नियम आहे, आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले की कंपनीने तो मागे घेतला तरी तेवढ्याने रद्द होत नाही. प्रायॉरिटी डेट राहते, तीन-तीन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळतं, माझं ईएडीही त्यावर चालतं. त्याने नोकरी बदलली तेव्हा माझा एच-४ आधीच्याच तारखेपर्यंत चालू राहिला.

नऊ वर्षं आम्ही एका ऐकीव वाक्यावर काढली. कऱ्हाडकर दादा, ऑफर घ्या.

आडगाव:
ताईंनी सांगितलेला नियम बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे, ती सांगायला हवी. एक्स्टेन्शनपुरता जुना आय-१४० चालतो. जुनी कंपनी मागे उभी नसेल तर ४८५ भरायला तो चालत नाही. त्यासाठी नव्या कंपनीचं पर्म आणि नवा आय-१४० लागतो, फक्त तारीख जुनी मिळते. वारकरी नेमके त्यातच अडकले. ४८५ भरून १८० दिवस झाल्यावर बदललं तर प्रश्न नाही, तेव्हा त्याच किंवा तशाच कामावर उडी मारता येते. आय-१४० आणि ४८५ यांच्यामधला काळ हाच खरा धोक्याचा.

आणि १८० दिवसांच्या आत कंपनीने मागे घेतला, तर तारीख वाचते, पण त्या आय-१४० वर पुढचं एक्स्टेन्शन मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने पाचव्या महिन्यात राजीनामा दिला होता, सहावं वर्ष संपत आलेलं असताना. एक महिना थांबला असता तर वाचला असता.

पर्मला हल्ली प्रिव्हेलिंग वेजपासून (त्या कामाचा पगार सरकारकडून ठरवून घेणं, ही पहिली पायरी) धरलं तर दोन वर्षं धरून चाला. म्हणजे "सहा महिन्यांनी सुरू करू" याचा अर्थ अडीच वर्षं. तुमची तारीख तेवढ्यात येणार नाही, तेव्हा तुमच्यापुरता हिशेब बसतो. २०१३-१४ वाल्यांनी मात्र मैत्रेयीताईंचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

पिंपळपान:
सगळे कागदावरचं बोलताय. मी नोकरी जाण्याबद्दल बोलतो.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये बदलली, जानेवारीत काढलं. आमच्या विभागात शेवटी आलेले चौघं होते, चारही गेले. जुन्या कंपनीत माझ्या जागेवरचा माणूस आजही आहे. नोकरी गेल्यावर दुसरी मिळवायला साठ दिवसांची मुदत असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते साठ दिवस पूर्ण मिळत नाहीत. नव्या कंपनीने "हो" म्हटल्यावर एलसीएलाच (कामगार खात्याचा पगाराबद्दलचा कागद) सात कामाचे दिवस जातात, त्यानंतर एच-वनचं पिटिशन. मला पंचेचाळिसाव्या दिवशी ऑफर आली, माझी अर्जाची पावती अठ्ठावन्नाव्या दिवसाची आहे. मधल्या काळात घरात अर्ध्या सामानावर चिठ्ठ्या लावल्या होत्या: विकायचं, द्यायचं, न्यायचं. मुलाने स्वतःच्या सायकलवर "न्यायचं" अशी चिठ्ठी लावली होती, मोठ्या अक्षरात.

आय-१४० वाचला, तारीख वाचली, सगळं खरं. पण देशात उभं राहायला चालू नोकरी लागते, आणि नव्या जागी तुम्ही सगळ्यात कच्चे असता. रटाळ का होईना, जिथे आपली मुळं आहेत तिथे राहणं ही भीती नाही, जबाबदारी आहे. कऱ्हाडकरांच्या घरी मुलं असतील तर त्यांनी हे आधी बघावं.

मैत्रेयी:
पिंपळपान, सायकलचं वाचून गलबलून आलं. पण मुळं असणं म्हणजे काय हो? आमच्या जुन्या कंपनीने ज्यांना काढलं, त्यात बारा वर्षं झालेले एक गृहस्थ होते. सहा वर्षं एकाच पदावर राहिलेला माणूस बाजारात उतरला की साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळवणं त्यालाच जड जातं. तुम्ही दोनच महिन्यांत उभे राहिलात, कारण तुमचा हात चालता होता.

जुना_वारकरी:
हे मला पटत नाही, ताई. हात चालता ठेवायला कंपनीच सोडावी लागते असं थोडंच आहे? आणि एच-वनवरच्या नव्या एक लाख डॉलरच्या फीचं काय? सप्टेंबर २०२५ पासून सगळं इतकं हललंय की आता जागा सोडणं म्हणजे भर पुरात नाव बदलणं.

आडगाव:
ती फी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांसाठी आहे. इथे स्टेटसमध्ये असलेल्याने कंपनी बदलली तर ती लागू नाही, हे इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण नव्या कंपनीकडे एच-वनची ट्रान्सफर मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका. प्रीमियममध्ये (जादा फी भरून लवकर निकाल) पंधरा कामाचे दिवस लागतात, तेवढे थांबा. कुणाकडे लग्न असलं तरी.

कऱ्हाडकर:
सगळ्यांचं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं.

पिंपळपान, मुलगी आहे, अकरा वर्षांची, पुण्यात जन्मलेली. ती एकवीसची होईल २०३५ मध्ये. माझी तारीख तोपर्यंत आली नाही तर ती माझ्या अर्जातून बाहेर पडेल, मग मी या कंपनीत असो की त्या. जबाबदारीचं म्हणालात ते मनाला लागलं, पण तिच्यासाठी इथे चिकटून राहून मी नेमकं काय वाचवतोय हे मला सांगता येईना. वरच्या पगारातून तिच्या कॉलेजचे पैसे बाजूला पडतील, मग ते इथलं कॉलेज असो, कॅनडातलं असो की पुण्यातलं. एवढं तरी माझ्या हातात आहे.

वारकरी काका, तुमच्यामुळे एक गोष्ट केली. ह्यूस्टनवाल्यांना लिहिलं की पर्म सहा महिन्यांनी नाही, रुजू झाल्यापासून तीस दिवसांत सुरू करा आणि ते ऑफर लेटरमध्ये घाला. काल उत्तर आलं: नव्वद दिवस, लेखी. मी हो म्हणणार आहे.

जुना_वारकरी:
लेखी दिलं हे चांगलं झालं. माझं मत बदललेलं नाही, मी असतो तर थांबलो असतो. पण जाताच आहात तर राजीनामा देण्याआधी दोन कामं करा. आय-१४० च्या मंजुरीच्या कागदाची प्रत मागून घ्या, निदान पावती क्रमांक तरी. आणि आत्ताच्या मॅनेजरकडून अनुभवाचं पत्र घ्या, त्यात कामं आणि वापरलेली तंत्रं सविस्तर हवीत. नव्या पर्मला ते लागतं. मी निघाल्यावर मागितलं, तोवर मॅनेजर सोडून गेला होता आणि एचआरने नुसत्या तारखा लिहून दिल्या. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याच्या शपथपत्रावर निभावलं, तो तेव्हा सिएटलला होता. त्यात सात आठवडे गेले.

कऱ्हाडकर:
पत्राचा मसुदा आज रात्रीच लिहितो, काका. मॅनेजर शुक्रवारपर्यंत ऑफिसात आहे.