घर विकणाऱ्यांच्या प्रश्नांना नवख्या गुंतवणूकदाराने काय उत्तर द्यावे?

नवखा_ठाणेकर:
नमस्कार. नोकरी सांभाळून मी गुंतवणुकीसाठी एक जुनी सदनिका घेण्याच्या प्रयत्नात आहे. ती दुरुस्त करून काही वर्षे भाड्याने द्यावी आणि पुढे विकावी, असा विचार आहे. कागदपत्रांचा अभ्यास बऱ्यापैकी केला, परंतु घरमालक प्रश्न विचारू लागले की माझी भंबेरी उडते. गेल्या रविवारी नौपाड्यातील एका निवृत्त जोडप्याकडे गेलो होतो. काकांनी चहा पुढे करतानाच विचारले, "तुम्ही स्वतः राहायला येणार ना?" आणि मी "हो" म्हणून बसलो. मग पैशांची सोय काय, रोख किती देणार, आणि उद्या इमारत पुनर्विकासाला गेली तर फायदा तुमचाच ना, असे तीन प्रश्न आले; तिन्हींना मी गुळमुळीत उत्तरे दिली. अशा वेळी अनुभवी मंडळी काय बोलतात?

कळव्याचा_जुना_खरेदीदार:
आधी त्या काकांना फोन करून घर गुंतवणुकीसाठी हवे आहे, हे सांगून टाका. सोसायटीत अशी गोष्ट लपत नाही. ना हरकत पत्र मागायला गेलात की चिटणीस हेच विचारतील आणि तुमचे उत्तर संध्याकाळपर्यंत काकांच्या कानावर जाईल.

पैशांच्या प्रश्नामागे भीती निराळीच असते: हा माणूस मध्येच मागे फिरला तर आमचे काय? म्हणून "बँक कर्ज देईल" असे मोघम न सांगता कर्जाचे मंजुरीपत्र दाखवावे आणि पैशांचा क्रम तारखांसह कागदावर लिहून द्यावा, म्हणजे विसार (सौदा पक्का करताना द्यायची आगाऊ रक्कम) धनादेशाने किती, करारनाम्याच्या नोंदणीच्या दिवशी पदरचे किती, बँकेची रक्कम त्यानंतर किती दिवसांत आणि ताबा केव्हा. सुरुवातीचे मंजुरीपत्र बहुधा तुमच्या उत्पन्नावर मिळते, घराच्या कागदांवर नव्हे. तेव्हा बँकेच्या वकिलाने घराचे कागद नाकारले तर विसार परत मिळणार की बुडणार, हेही तिथेच लिहावे. नवखे लोक नेमके हेच बोलायला संकोचतात.

किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराला 1 टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागतो. हे आधी सांगितले नाही तर वयस्कर माणसांना आपले पैसे मारले असेच वाटते. ती रक्कम त्यांच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्र भरताना त्यांच्या करातून वजा होते, हे शांतपणे समजवा. घर परदेशात स्थायिक झालेल्या मुलाच्याही नावावर असेल तर मात्र नियम वेगळे आहेत आणि कपात पुष्कळ मोठी असते. ठाण्यात अशी घरे काही थोडी नाहीत.

रोखीबद्दल सांगायचे तर स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे, आणि घेतलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्याला, म्हणजे काकांनाच, होऊ शकतो. हे ऐकल्यावर बहुतेक लोक विषय बदलतात.

नेरुळची_विक्रेती:
मी पलीकडच्या बाजूने लिहिते. वडिलांच्या पश्चात आम्ही नेरुळचे घर विकले, तेव्हा आलेल्या बहुतेकांकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार होते. एकाने तर "तुम्हाला कर लागणारच नाही" असे परस्पर सांगून टाकले. तिथली जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्यामुळे हस्तांतर शुल्क कोणी भरायचे, हे मी प्रत्येकाला विचारत असे. ज्यांना अखेर घर दिले ते गृहस्थ म्हणाले, "शुल्क नक्की किती ते मला आज ठाऊक नाही, गुरुवारी सांगतो," आणि गुरुवारी खरोखरच आकडा घेऊन आले. आईने त्याच दिवशी मनातल्या मनात निर्णय घेतला असावा, कारण त्यापेक्षा थोडी जास्त किंमत देणाऱ्याचा फोन तिने नंतर उचललाच नाही.

विक्रेत्याच्या कराचा हिशेब तुम्ही करू नका. घर 24 महिन्यांहून अधिक काळ असेल तर दीर्घकालीन नफा धरतात, आणि ते 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेले असेल तर निवासी व्यक्तीला 12.5 टक्के किंवा खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून 20 टक्के, यांपैकी जो कर कमी असेल तो मोजता येतो, एवढे माहीत असू द्या. आकडा मात्र त्यांच्या सनदी लेखापालालाच काढू द्या.

घोडबंदरचा_एजंट:
पुनर्विकासाच्या प्रश्नावर "इथे काही होणार नाही" असे कधीही बोलू नये, कारण सोसायटीच्या सभांना तुम्ही नव्हे, ते बसलेले असतात. फायदा झाला तर माझा हे मान्य करा, आणि सोबत हेही सांगा की विकासक नेमण्यासाठी एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते, काम रखडले किंवा बांधकामाच्या काळात विकासक देतो ते पर्यायी भाडे थांबले तर ते नुकसानही माझेच. ज्यांना थांबणे परवडते ते थांबतील. त्यांना घाई करायला लावू नका.

नवखा_ठाणेकर:
सर्वांचे आभार. काकांना फोन केला. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले की चिटणिसांकडून त्यांना परवाच कळले होते. रविवारी मंजुरीपत्र घेऊन बोलावले आहे; भाव मात्र त्यांनी दोन लाखांनी वाढवून सांगितला.