'मूत्रल' चालेल की 'मूत्रपिंडरक्षक'?

प्रश्न: ऑपरेशनआधी पेशंटला देतात त्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'हायड्रेशन आणि डाययुरेटिक' (लघवी वाढवणारं औषध) यावर अडलेय. 'शरीरात पाणी भरणे' आणि 'मूत्रपिंडरक्षक औषध' लिहिलं तर? कोशात 'मूत्रल' आहे, पण तो कुणाला कळणार?

प्रतिसाद: 'पाणी भरणे' कृपया नको. आमच्याकडे नातेवाईक 'पायात पाणी भरलं', 'छातीत पाणी झालं' म्हणतात तेव्हा त्यांना सूज नाहीतर आजार सांगायचा असतो. तुमचं पत्रक वाचून पेशंट टेबलावरून उठून जाईल. 'अंगातलं पाणी कमी पडू नये म्हणून सलाईन लावतात' एवढं पुरे. 'जलसंजीवनी'च्या मोहात पडू नका, ती जुलाबातली मीठ-साखरेची.

आता 'मूत्रपिंडरक्षक'. भूल देणारा म्हणून सांगतो, हा शब्द खोटा पडेल. लॅसिक्स हे डाययुरेटिक दिलं की लघवी वाढते, लघवीची पिशवी भरते, बघणाऱ्याला बरं वाटतं. पण त्याने किडनी वाचते असं नाही. ती बिघडू नये म्हणून डाययुरेटिक देऊ नका, असं केडिगो (KDIGO) या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. अंगात जादा पाणी साठलं असेल तर ते काढायला हे औषध उपयोगी, तो भाग वेगळा. उलट पाणी आधीच कमी असताना दिलं तर रक्तदाब पडून किडनीचेच हाल. किडनीला हवा असतो पुरेसा रक्तपुरवठा, म्हणून आमचं लक्ष रक्तदाबावर आणि सलाईनवर. तीही बेताने, जास्त झाली तर पुन्हा 'पाणी भरलं'च.

ऑपरेशन चालू असताना सिस्टरला विचारतो, "आउटपुट किती?", म्हणजे लघवी किती झाली. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे किलोमागे अर्धा मिली, हा आमचा ढोबळ हिशोब. तोही आकडा फसवतो. ऑपरेशनच्या ताणाने शरीर आपणहून पाणी धरून ठेवतं, त्यामुळे लघवी कमी झाली म्हणजे किडनी गेली असं नव्हे.

प्रतिसाद: 'मूत्रल' मला आवडतो तो याचसाठी. लघवी वाढवणारं, बस्स, रक्षणाचं वचन त्यात नाही. चरकाने अशा द्रव्यांच्या गटाला 'मूत्रविरेचनीय' म्हटलंय, गोखरू त्यातलंच. गंमत म्हणजे चरकाचा 'वृक्क' (किडनीचा संस्कृत शब्द) मेदोवह स्रोतसाचं, म्हणजे चरबी वाहणाऱ्या मार्गाचं मूळ आहे, मूत्रवह स्रोतसाचं मूळ त्याने बस्ती (मूत्राशय) आणि वंक्षण (जांघ) सांगितलंय. म्हणजे 'वृक्क' आज मूत्राशी जोडलेला असला तरी चरकाकडे त्याची जोडी चरबीशी. पत्रकात मात्र 'किडनी'च ठेवा. 'गुर्दा' मटणवाल्याकडे शोभतो.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: 'ऑपरेशनमध्ये किडनीला रक्त कमी पडू नये म्हणून सलाईन देतील. गरज वाटली तरच लघवी वाढवणारं औषध देतील.' आणि 'लघवी बंद होणे'?

प्रतिसाद: तयार होत नसेल तर 'बंद', तयार होऊन बाहेर येत नसेल तर 'तुंबली'. दुसरीवर नळी घालून भागतं, पहिलीवर नाही.